कडेवर बाळ, मांडीवर बायबल: लहान मुलांच्या घरात वाचन आणि प्रार्थना कशी बसवावी

पहिले बाळ झाले त्या वर्षी १ जानेवारीला मी वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचा बेत केला. प्रॉटेस्टंट बायबलचे ६६ पुस्तकांत मिळून ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-चार. (कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके, म्हणजे आणखी जास्त.) उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय या वेगाने जानेवारी सरता सरता संपतात आणि आपण लेवीयच्या दाराशी येऊन उभे राहतो. आत २७ अध्याय: होमबली, अंगावरचे चट्टे, घराच्या भिंतीला आलेली बुरशी. तिसऱ्या अध्यायावर मला डुलकी लागली, बाळाच्या रडण्याने जाग आली, आणि पुस्तकातली खूण पुढचे आठ महिने तिथेच राहिली.

लेवीयचा यात काही दोष नाही. ज्याच्याकडे रोज एक सलग, शांत तास आहे अशा माणसासाठी केलेला बेत मी माझ्या घरावर लादला होता, आणि माझ्या घरात तेव्हा झोपही सलग होत नव्हती. दुसऱ्या मुलाच्या वेळी मी वेळ शोधणेच सोडून दिले. जी कामे रोज होतातच, त्यांच्या खुंटीला वाचन अडकवायला लागले. ते टिकले. कसे, ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १: पहाटेचा हट्ट सोडा

तरुण आईला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: सगळ्यांच्या आधी ऊठ. त्याला आधारही दिला जातो, मार्क १:३५. प्रभू येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. सल्ला देणारे बहुधा तिथेच थांबतात. पुढची दोन वचने वाचा. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत तिथे पोहोचतात आणि सांगतात, सगळे तुम्हाला शोधत आहेत. पहाटेचा तो एकांतही मोडलाच! दाराबाहेरून "आई, कुठे आहेस?" ऐकलेल्या बाईला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

स्तोत्र १२७ तर आणखी स्पष्ट आहे. पहाटे उठणे, रात्री उशिरापर्यंत बसणे, कष्टाची भाकर खाणे हे सगळे व्यर्थ, आणि देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, असे ते म्हणते. रात्रीतून तीनदा उठणाऱ्या बाईने पहाटे पाचचा गजर लावून पुण्य साधू नये. बाळ रात्रभर झोपायला लागले आणि तुमचा पिंडच पहाटेचा असेल तर खुशाल उठा. तोवर झोपा.

पायरी २: तीन दिवस नोंद करा आणि खुंट्या शोधा

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद चिकटवा. तीन दिवस रोज घडणारी कामे त्यावर लिहीत जा. वेळ लिहू नका, कामच लिहा, कारण वेळा रोज बदलतात. पाजणे, आंघोळ, धुणे मात्र होतेच. मग प्रत्येक कामापुढे त्या वेळी आपले काय मोकळे असते ते लिहा.

कपडे वाळत घालताना, भांडी घासताना, झाडताना कान मोकळे असतात. ही ऐकण्याची खुंटी. ध्वनिमुद्रित बायबल मोबाईलवर मराठीतही मिळते. मार्कचे शुभवर्तमान मोठ्याने वाचायला साधारण दीड तास लागतो, म्हणजे रोजच्या पंधरा मिनिटांच्या भांड्यांत ते आठवड्याच्या आत ऐकून होते. संपूर्ण नवा करार वीसेक तासांचा आहे. भांडी काही संपत नाहीत, नवा करार संपतो.

बाळाला अंगावर पाजताना डोळे मोकळे, पण हात अडकलेले. इथे उघडे राहणारे पुस्तक लागते. मी छोट्या पाठीच्या खुर्चीजवळ एका पाटावर बायबल उघडे ठेवून दोन्ही कडांना कपड्यांचे चिमटे लावत असे. दिसायला ओंगळ, पण कामाचे.

झोपवताना, चालायला नेताना, आंघोळ घालताना मूल सोबत असते आणि तोंड मोकळे असते. ही मोठ्याने म्हणण्याची, पाठ केलेले आळवण्याची खुंटी.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर कधी बिंबवायची ते सांगितले आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. चारही साध्या घरगुती हालचाली. वेगळी खोली नाही, वेगळा तास नाही. माझ्या भिंतीवरच्या कागदाशी ही यादी इतकी जुळली की मला हसू आले.

सुरुवातीला एकच खुंटी निवडा, सगळ्यात पक्की ती. माझी दुपारच्या पाजण्याची होती. तीन आठवडे ती टिकली तरच दुसरी घ्या.

पायरी ३: काय वाचायचे ते आधीच ठरवा

हातात पाच मिनिटे असताना कुठले पान उघडू हे शोधण्यात तीन जातात. म्हणून पुस्तक आणि क्रम आधी ठरलेला हवा.

बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत: स्तोत्रे १२० ते १३४. ही पंधरा 'आरोहणस्तोत्रे', वर यरुशलेमेला जाणाऱ्या यात्रेकरूंची गाणी मानली जातात. १३२ वे सोडले तर सगळी लहान आहेत. १३१, १३३ आणि १३४ यांची तर तीन-तीनच वचने. १३१ व्या स्तोत्रात दूध तुटलेल्या मुलाचे चित्र आहे. ते आईजवळ काही मागायला येत नाही, नुसते शांत पडून राहते. मुलाचे दूध तोडण्याचे ते रडारडीचे आठवडे पार केलेल्या बाईला यातली शांती काय किमतीची आहे हे कळते. पंधरा स्तोत्रे संपली की पुन्हा पहिल्यापासून. चार फेऱ्यांत दोन महिने जातात आणि निम्मी पाठ होतात.

मूल रांगायला-चालायला लागले की एक सलग गोष्ट घ्या. मार्क सगळ्यात बरे: १६ अध्याय, भराभर पुढे सरकणारे, आणि कुठेही थांबले तरी धागा सापडतो. त्यानंतर रूथ (४ अध्याय), योना (४), फिलिप्पैकरांस पत्र (४), एस्तेर (१०). लहान पुस्तक संपवण्याचा आनंद खरा असतो. तो स्वतःला नाकारू नका.

मुले शाळेत जायला लागल्यावर नवा करार घ्या. त्याचे २६० अध्याय, आणि आठवड्याला पाच धरले तर बरोबर ५२ आठवडे. रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. ही सुट्टीच या बेताचा प्राण आहे, कारण आठवड्यात दोन दिवस चुकणार हे त्यात आधीच धरलेले आहे. डिसेंबरात मात्र मी हे बाजूला ठेवते आणि लूक घेते. २४ अध्याय, १ तारखेपासून रोज एक. नाताळच्या आदल्या दिवशी आपण रिकाम्या कबरेशी पोहोचतो. गव्हाणीच्या वेळी शेवट वाचणे विचित्र वाटेल, पण मला ते फार आवडते.

रॉबर्ट मरे मॅक्शेन या स्कॉटिश पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वाचनाचा क्रम बनवला: रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. आजही पुष्कळ जण तो पाळतात आणि तो उत्तमच आहे. फक्त एवढे लक्षात असू द्या की मॅक्शेन अविवाहित होता आणि २९ व्या वर्षी वारला. त्याच्या घरी दात येणारे कोणी नव्हते.

भाषांतराबद्दल थोडे. मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडखळत नाही ते भाषांतर घ्या. जुन्या मराठी बायबलची भाषा भारदस्त आहे, पाठांतराला तिच्यासारखी दुसरी नाही. पण पाच वर्षांच्या मुलाला ती कळत नाही आणि झोपाळलेल्या आईलाही नीटशी कळत नाही. साध्या मराठीतली भाषांतरे उपलब्ध आहेत. हा प्रश्न आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना समजावे म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आले. मी स्वतः दोन ठेवते. वाचायला सोपे, पाठ करायला जुने. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही.

पायरी ४: पाच मिनिटांत कसे वाचायचे

बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या संन्याशाने वचनवाचनाची शिडी सांगितली. तिला चार पायऱ्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग देवाच्या सहवासात नुसते असणे. त्याच्यापाशी मठातली शांतता होती. आपण तीच शिडी आखूड करून वापरू.

पहिल्या दोन मिनिटांत दहा-पंधरा वचने वाचा, शक्यतो ओठ हलवून. पूर्वी वाचन बहुतेक मोठ्यानेच होई. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचतो आहे हे फिलिप्पाला कळले कसे? त्याने ते ऐकले. मोठ्याने वाचल्याने झोप लांब पळते आणि बाळालाही आईचा आवाज मिळतो. त्याला काय वाचता याच्याशी कर्तव्य नसते.

मग एकच शब्द किंवा वाक्य उचला. भारी अर्थ शोधू नका. जे टोचले, जे नवे वाटले, जे कळले नाही ते घ्या. कळले नाही ते सगळ्यात चांगले, कारण ते दिवसभर डोक्यात फिरत राहते. लूकने मरियेबद्दल दोनदा लिहिले आहे की तिने या गोष्टी अंतःकरणात ठेवल्या. तिलाही त्या क्षणी सगळे उमगले नव्हते, आणि दोन्ही वेळा तिच्याजवळ मूल होते.

त्या शब्दावर देवाशी दोन वाक्ये बोला. बोलीभाषेत. 'देवा, आज मी दमले आहे आणि थोरल्यावर ओरडले आहे' ही पूर्ण प्रार्थना आहे.

शेवटी वहीत एक ओळ. तारीख, संदर्भ, तो शब्द, बस. पानभर रोजनिशी लिहायला जाल तर आठव्या दिवशी वही बंद पडेल. वर्षभराने या एकेका ओळी वाचताना आपण कशातून गेलो ते आपल्याला जेवढे दिसते, तेवढे फोटोंतूनही दिसत नाही.

मोबाईलवर ऐका, पण वाचायला शक्यतो कागदाचे पुस्तक घ्या. एक कारण आपल्याला माहीतच आहे: वचन उघडायला गेलो आणि निरोप वाचत बसलो. दुसरे मला उशिरा कळले. आईने हातात मोबाईल धरला की ती स्तोत्र वाचते आहे की सेल बघते आहे हे मुलाला कळत नाही. पुस्तक उघडे दिसले तर कळते. माझी मुलगी दोन वर्षांची असताना बायबल उलटे धरून बोट फिरवत, तोंडाने 'बम् बम् बम्' करत बसली होती. ते तिला कोणी शिकवले नव्हते.

पायरी ५: मुलांना वाचून दाखवताना

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच केल्या.

वर्षाच्या आतल्या बाळाला गोष्ट नको, लय हवी. रोज झोपवताना एकच स्तोत्र म्हणा. महिनाभर तेच. स्तोत्र १२१ बरे पडते, आठच वचने, आणि आपल्याला राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही, असे त्यात आहे. मध्यरात्री ते म्हणताना 'आज तूच जागा राहा, मी झोपते' असे मी कितीदा म्हटले असेन.

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी एक चित्र, तीन वाक्ये. चित्रांचे पुस्तक असले तरी शेजारी खरे बायबल उघडे ठेवा, म्हणजे गोष्ट कुठून येते ते डोळ्यांना सवयीचे होते. याच वयात पाठांतर सुरू होते आणि ते चार शब्दांपेक्षा मोठे नको. योहान ११:३५ पाहा: 'येशू रडला.' आमच्याकडे हेच पहिले पाठ झाले. मग कोणी पडले, कोणी रडले की धाकटा गंभीरपणे ते म्हणून दाखवायचा. सांत्वनाचा याहून चांगला मार्ग मला सुचला नसता.

चार ते सहा वर्षांना नाटक हवे. जक्कय उंबरावर चढतो ती गोष्ट सोफ्याच्या पाठीवर चढून करा. वादळातली नाव म्हणजे चादर. आधी मुलांना गोष्ट करू द्या, मग मूळ उतारा वाचा. उलट केले तर उतारा ऐकताना ती उठून जातात.

सात-आठ वर्षांपुढे एक खेळ आहे, आमच्या घरातला सर्वांत लाडका. चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट वाचायची, मग बायबलमधली, आणि पुस्तकाने पदरचे काय घातले ते शोधायचे. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक तीन होते असे मत्तयाने कुठेच म्हटलेले नाही, भेटी मात्र तीन प्रकारच्या आहेत. एदेन बागेतले फळ कुठले ते उत्पत्ती सांगत नाही, चित्रात मात्र सफरचंद असते. योनाला गिळणारा नुसता 'मोठा मासा' आहे. मुलांना मोठ्यांच्या चुका काढायला आवडतात, आणि त्या काढण्यासाठी त्यांना मूळ वचन बारकाईने वाचावे लागते.

मुलांची बायबल-गोष्टींची पुस्तके निवडताना मी शेवटचे पान आधी बघते. प्रत्येक गोष्ट 'म्हणून तूही शहाण्यासारखे वाग' अशी संपत असेल तर ते पुस्तक परत ठेवते. याकोब लबाड होता, दावीद घसरला, पेत्राने येशूला नाकारले, आणि तरी देवाने त्यांना सोडले नाही. हा भाग गाळला की उरतो तो निव्वळ शिस्तीचा तास.

कठीण गोष्टींबद्दल माझी एक चूक सांगते. मुलगा पाच वर्षांचा असताना देवाने अब्राहामाला त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला सांगितले आणि शेवटी थांबवले, ती गोष्ट मी त्याला झोपताना वाचली. शेवट गोड आहे, असे मला वाटत होते. दिवा मालवल्यावर अंधारातून प्रश्न आला, "देवाने बाबांना सांगितलं तर?" तो रात्रभर आमच्या मध्ये झोपला. तेव्हापासून दोन नियम: अशा गोष्टी दिवसाउजेडी वाचायच्या, आणि मुलाने गोष्टीत स्वतःला कुठे उभे केले असेल ते आधी पाहायचे. आपण अब्राहामाच्या बाजूने वाचतो. मूल वेदीवरून ऐकते. शास्ते पुस्तकातले शेवटचे अध्याय तर मोठेपणीच.

प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर 'मलाही माहीत नाही, आपण विचारू' म्हणा, आणि खरेच विचारा. नुसतेच म्हणून सोडून दिले तर मूल पुढे विचारणे बंद करते.

पायरी ६: घरची प्रार्थना, सात मिनिटांत

लहान मुलांच्या घरात सात मिनिटांपुढे प्रार्थनेचे रूपांतर मारामारीत होते. आधी एक गीत, कारण गीत सुरू झाले की सगळे आपोआप जमतात; बोलावत फिरावे लागत नाही. मग चार-पाच वचने. मग प्रत्येकाचे एक वाक्य: आज कशाबद्दल आभार, किंवा कोणासाठी मागणे. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. ज्याला बोलायचे नाही त्याने 'आमेन' म्हटले तरी चालते. खेळण्यासाठी केलेले आभार, शेजारच्या मांजरासाठी केलेली विनंती, कशाचीही दुरुस्ती करू नका. माझ्या मुलाने सहा महिने एकाच मोडक्या चाकासाठी प्रार्थना केली.

मुले एकापेक्षा जास्त असतील तर सुझाना वेस्लीची रीत उचलण्यासारखी आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची ही आई. तिला १९ मुले झाली, त्यांतली जवळजवळ निम्मी लहानपणीच गेली. १७१२ मध्ये नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने सांगितले आहे की रोज रात्री ती ठरलेल्या एका मुलाशी एकट्याने बोलत असे. जॉनचा वार गुरुवार होता. मोठा झाल्यावर त्याने त्याच गुरुवारच्या वेळेची आठवण आईला पत्रातून करून दिली. रोज सगळ्यांना सगळे देणे जमत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ एकाची, हे जमते. तिच्याबद्दल असेही सांगतात की प्रार्थनेला जागा नसली की ती ॲप्रन डोक्यावरून ओढून घेई, आणि आई ॲप्रनखाली असली की हाक मारायची नाही हे मुलांना ठाऊक असे. मी ओढणीने करून पाहिले. धाकटा ओढणीच्या आत शिरला.

नवऱ्याला यात रस नसेल तर? हा प्रश्न मला सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचे घर बघा. पौल त्याच्या विश्वासाचे मूळ आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात आहे म्हणतो, आणि प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये त्याचा बाप ग्रीक होता एवढाच उल्लेख येतो. तरी तीमथ्याला बाळपणापासून पवित्र लेख माहीत होते. चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टीनची आई मोनिका हिचा नवरा पात्रिकियस हाही ख्रिस्ती नव्हता. आयुष्याच्या अखेरीस झाला. तेव्हा वाट बघत थांबू नका आणि भांडूही नका. तुमचे मुलांबरोबर चालू ठेवा, दार उघडे ठेवा, आणि तो येऊन बसला तर लगेच त्याच्या हातात पुस्तक देऊ नका.

बायबलखेरीजचे वाचन

आईने स्वतःसाठी कादंबरी वाचली तर वेळ वाया गेला असे मानणाऱ्यांशी माझे पटत नाही. चांगली कथा माणसे समजायला शिकवते, आणि येशूने शिकवले तेही पुष्कळसे कथा सांगूनच. एका वेळी एकच पुस्तक, ते घराच्या एकाच ठिकाणी, आणि पन्नास पानांत पकडले नाही तर सोडायची मुभा. एखादी मैत्रीण त्याच वेळी तेच वाचत असेल तर पुस्तक संपण्याची शक्यता दुप्पट.

सावध राहायचे ते आदर्श आईच्या पुस्तकांपासून आणि चित्रफितींपासून. त्यांत नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री हमखास येते: रात्र असतानाच उठणारी, शेत घेणारी, सूत कातणारी, दिवा मालवू न देणारी. ते वाचून आपण खचतो. पण ते मूळ हिब्रूत वर्णमालेच्या २२ अक्षरांवर रचलेले २२ वचनांचे कवित्व आहे. अ ते ज्ञ स्तुती, तिच्या एका दिवसाचे वेळापत्रक नव्हे. तिच्या घरी दासीही आहेत, पंधराव्या वचनात. आणि अध्यायाचे पहिलेच वचन सांगते की ही शिकवण एका राजाला त्याच्या आईने दिली. मुलाने कशा बाईची कदर करावी हे ती त्याला सांगते आहे. तेव्हा हा अध्याय मुलग्यांना वाचून दाखवा.

रविवार

उपासनेत किंवा मिस्सेत मूल आवरता आवरता कानावर काही पडत नाही, म्हणून वाचन शनिवारीच करून ठेवा. कॅथलिक मंडळीत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्याही अशाच चक्राने चालतात. नसेल तर पाळकांना उतारा आधी विचारा. मुलांनाही तो सांगून ठेवा आणि त्यातला एखादा शब्द कानावर आला की आईचा हात दाबायचा, असे ठरवा. उपदेशातले एक वाक्य घरी आणता आले तरी भरून पावले.

जेव्हा सगळे मोडते

मोडतेच. ताप, परीक्षा, घर बदलणे, नवे बाळ. एक नियम पाळा: अनुशेष भरू नका. बारा दिवस चुकले म्हणून बारा अध्याय एकदम वाचायला बसलात तर तेराव्या दिवशी पुस्तक उघडवणार नाही. आजचा जो असेल तो वाचा. राहिलेला राहिला.

कधी वेळ असतो, पण आत काहीच हलत नाही. तेव्हा स्तोत्र १३ घ्या, सहा वचनांचे, 'किती वेळ' असे पुन्हापुन्हा विचारणारे. किंवा ८८ वे, जे अंधारातच संपते आणि कोणी त्याला सुखद शेवट जोडलेला नाही. देवाला असे बोलता येते हे त्यांनी मला शिकवले.

आणि कधी गोष्ट वाचनाच्या पलीकडची असते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी हटत नसेल, बाळ झोपले तरी झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी, तासाभरात कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. त्यावर उपचार आहेत. 'प्रार्थना कमी पडते' म्हणणाऱ्यांना १ राजे १९ वाचायला द्या. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला उठवून खाऊ-पिऊ घातले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देव त्याच्याशी बोलला तो चाळीस दिवसांनंतर.

पहिला आठवडा

सोमवारी फक्त बायबल त्याच्या जागी ठेवा, जिथे तुम्ही रोज बसताच तिथे, शेजारी वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. बांधलेलीच, नाहीतर ती दुपारपर्यंत भिंतीवर पोहोचते. मंगळवारी स्तोत्र १३१ वाचा. बुधवारी तेच, मोठ्याने. गुरुवारी तेच, आणि वहीत एक ओळ. शुक्रवारी मुलाला झोपवताना ते न बघता म्हणून पाहा. अडकलात तर पुढचे गुणगुणा. शनिवारी रविवारचा उतारा एकदा. रविवारी काही करू नका, कोणी तरी मूल सांभाळत असेल तर दुपारी झोपा.

पुढच्या सोमवारी स्तोत्र १२०.